दुसरं कडवं

बाभुळगावात आमच्या घराजवळ पिठाची चक्की आहे. ती चालवणाऱ्या बाई चाळिशीत स्वतःची गाणी रचायला आणि गायला शिकू लागल्या. दळता दळता ओळ सुचली की त्या चक्की बंद करून मोबाइलवर गुणगुणून ठेवतात आणि आम्ही गिऱ्हाइकं मुकाट्याने थांबतो.

"कसं वाटलं भाऊ?" त्यांनी एकदा विचारलं.

"छान आहे."

"छान म्हंजे काय? कोणती ओळ?"

तेव्हापासून मी कान देऊन ऐकू लागलो.

यंदा शारदोत्सवात त्या पहिल्यांदाच मंचावर गेल्या. कापूस वेचणाऱ्या बायांवर रचलेलं गाणं त्यांनी धरलं आणि दुसऱ्याच ओळीत आवाज फाटला. लोक हसले. बाई मात्र थांबल्या आणि पेटीवाल्याला म्हणाल्या, "मी लई वर धरलं. खालच्या पट्टीत घ्या." मग पहिल्यापासून पूर्ण गाणं म्हटलं. भरपूर टाळ्या पडल्या.

सकाळी मी अभिनंदन करायला गेलो, तर त्या वहीत खाडाखोड करत होत्या.

"दुसऱ्या कडव्यात बाया गात गात वेचतेत म्हटलं, तं समोर बसल्या वेचणाऱ्या बायाच हासून राह्यल्या होत्या," त्या म्हणाल्या. "वेचताना कोनी गात नाई म्हने, बोंडानं बोटं सोलतेत. उद्या त्यायच्यासंगं वावरात जा लागते."

दुसऱ्या दिवशी चक्कीला कुलूप होतं. मी गव्हाचा डबा घेऊन परत फिरलो, आणि मला जराही राग आला नाही.