अंगठ्याचे खळगे

लेकीने दूध-तूप सोडल्यापासून माझी बायको तिच्यासाठी खोबऱ्याच्या तेलात पीठ मळून, ओव्याची पाने चिरून घालून बिस्किटे भाजायची. प्रत्येकावर अंगठ्याने खळगा करून त्यात मुरांबा भरायची. बायको गेल्यानंतर लेक पहिल्यांदाच माहेरी आली, म्हणून काल मी ती बिस्किटे केली.

"बाबा, केवढे हे खड्डे! आईचा अंगठा इवलासा होता."

खरेच होते ते. बायकोच्या हातच्या मुरांब्याची शेवटची, तळाला आलेली बरणी माझ्या अंगठ्यापायी दहा बिस्किटांतच संपली आणि दोन रिकामी राहिली. मी ओशाळलो. लेकीने ती दोन रिकामीच उचलून कोऱ्या चहात बुडवली आणि भरलेल्या बिस्किटांची ताटली माझ्याकडे सरकवली. या घरातली करपलेली पोळी इतकी वर्षे कुणाच्या ताटात जात होती, ते मला तेव्हा आठवले. मी मुरांबा सावकाश खाल्ला.