उशिरा वाजवायला शिकलेला ड्रमर

आमच्या ड्रमर मित्राचे, तडतड्याचे, सासरे एका मोठ्या वाद्यवृंदाचे संचालक. जावई हॉटेलात जॅझचे ड्रम वाजवतो, म्हणून ते त्याची ओळख 'आमचे हॉटेलवाले' अशी करून देत. त्यांनी आपल्याला एकदा तरी वादक म्हणावं, एवढीच याची आस. तिशी उलटलेल्या माणसाने एवढ्याशा शब्दासाठी झुरावं, याचं मला हसू यायचं.

मग वाद्यवृंदाची तिकिटं खपेनात. तेव्हा सासऱ्यांना एकदम जॅझ आवडू लागलं. कार्यक्रम ठरला: सिनेमांचं गाजलेलं संगीत, त्यांचा सगळा ताफा आणि सोबत हॉटेलातले तिघे: पियानो, बास, ड्रम. दोन संगीतांच्या मिलनावर भाषण झालं. लगेच ड्रमसमोर पारदर्शक प्लास्टिकची भिंत उभी राहिली, कारण पुढच्या व्हायोलिनवाल्या बाईंचे कान दुखत होते. तडतड्या मत्स्यालयातल्या माशासारखा आत बसला.

पहिली तालीम हेरगिरीच्या सिनेमाची. सासऱ्यांच्या हातातली संचालकाची काठी खाली आली, ड्रम वाजला. व्हायोलिनं मागून आली.

"जावईबापू, गाडी चुकतेय का कुठली?"

"बाबा, काठी पडली तेव्हाच वाजवलं."

"काठी पडली की वाद्यवृंद श्वास घेतो. मग वाजतो."

"मग ती पडते तरी कशाला?" बासवाला म्हणाला.

कुणी हसलं नाही. मोठे वाद्यवृंद असेच वाजतात, काठीच्या किंचित मागून. जॅझमध्ये ठोका म्हणजे ठोका. दोघांनी थोडं थोडं सरकायला हरकत नव्हती. पण एकट्याने केली तर ती चूक, आणि पन्नास जणांनी मिळून केली तर परंपरा.

सरकला तो तडतड्याच. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको समोर उभी राहून काठीसारखं उलथनं खाली आणत होती आणि हा मांडीवरच्या उशीवर काड्या मारत होता.

"अहो, थांबा की जरा! बाबांकडे इतक्यात कुणी वाजवत नाही."

"आता?"

"अजून थोडं."

मला वाटलं, गंमत चालली आहे. चहा आला तरी ती संपली नाही.

कार्यक्रम दणक्यात झाला. ड्रम व्हायोलिनांच्या बरोबरीने, म्हणजे उशिरा, वाजले. सासऱ्यांनी त्याला भिंतीबाहेर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि भर सभागृहात म्हणाले, "हे आमचे वादक." तडतड्याचे डोळे भरले. पुढच्या रांगेत त्याची बायको रडत होती. माझ्या शेजारचे गृहस्थ घड्याळ बघत होते.

त्या आठवड्यात तो हॉटेलात परतला. पहिल्याच गाण्यात बासवाला थांबला.

"कुठे आहेस रे?"

"इथेच आहे."

"नाहीस. मागे आहेस. आपलं नेहमीचं धर."

त्याने पुन्हा सुरुवात केली. हात वर गेला आणि तिथेच रेंगाळला. समोर कुणी काठी घेऊन उभं नव्हतं, तरी तो कुणाची तरी वाट पाहत होता. तिसऱ्यांदाही तेच.

"तू जरा बस," बासवाला म्हणाला. रागावून नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

तडतड्या माझ्या टेबलाशी येऊन बसला. त्या दोघांना शिस्त कशी नाही, हे मला समजावू लागला. बाबांचे दाखले देत होता. त्याच्या मागे पियानो आणि बास दोघंच वाजवत होते, आणि छान वाजवत होते.