शुभमच्या दहावीसाठी केबल बंद

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. केलंत? मग चहा घ्या आणि ऐका, कारण एवढी शोभा मी स्वतःची कधी करून घेतली नव्हती.

आम्ही वाकोल्याहून बोरिवलीला राहायला गेलो तेव्हाची गोष्ट. बांधाबांध, गॅस, पेपरवाला, सोसायटीची कागदपत्रं, सगळं मी एकटीने निस्तरलं. आमचे हे फक्त "होईल गं" म्हणतात, तेवढंच त्यांचं खातं. शेवटी एकच काम राहिलं, नितीनभाऊंची केबल तोडायचं.

नितीनभाऊ म्हणजे आमच्या गल्लीचे केबलवाले. टीव्ही आणि नेट, दोन्ही त्यांचंच. कुडाळचा माणूस, बारा वर्षांचा घरोबा. सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हा त्यांचं टीव्हीवरचं कीर्तन बंद पडू नये म्हणून जेवणाच्या ताटावरून उठून आलेला माणूस हो! त्याला तोंडावर कसं सांगायचं, की वर्षाचं पॅक मध्येच तोडा, आम्ही नव्या घरी दुसऱ्या कंपनीचं घेतलंय, तेही पंचावन्न इंची टीव्हीसकट?

नुसतं "घर बदलतोय" म्हटलं असतं तर म्हणाले असते, "बोरिवलीत माझा मेव्हणा आहे, त्याच्याकडून लाईन टाकून देतो." म्हणजे सुटका नाहीच.

मग ते दारात आले आणि मी बोलून गेले, "भाऊ, शुभमची दहावी आहे ना. टीव्हीच बंद करायचं ठरवलंय आम्ही."

तसं खोटं नव्हतं म्हणा. शुभम खरंच दहावीत होता. आणि दहावीला केबल काढणारी घरं आपल्यात काय कमी आहेत? मला वाटलं, "बरं" म्हणतील आणि बॉक्स घेऊन जातील.

तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. "वैनी, मानलंय तुमका," म्हणाले. "पॅकचे पाच महिने उरलेत ते विसरा. पोराच्या शिक्षणाच्या आड मी नाही येणार. पण नेट तरी ठेवा."

इथे गप्प बसायचं की नाही? पण जीभ आहे माझी. "नेटसुद्धा नको," म्हटलं. "आणि मालिका तर मी कायमच्या सोडल्या."

मी म्हणाले हे. साडेसातला हिला फोन करायचा नाही, हे माझ्या माहेरी सगळ्यांना पाठ आहे.

झालं, आमची वाट लागली ती तिथून. केबलवाला रोज पंचवीस घरांत जातो आणि नितीनभाऊ पंचवीस घरांत माझंच कौतुक सांगायला लागले. आठ दिवसांत खालच्या मजल्यावरच्या मंदाताई वर आल्या. कमरेवर हात.

"काय गं, कशाला नसते उद्योग? आमच्या घरी आता रोज तुझं नाव. बघ ती, बघ ती! परवापासून आमचीपण केबल बंद केलीय ह्यांनी."

"मग मी काय करू?"

"तू काय करणार? तू महान झालीस ना," म्हणाल्या आणि तडतडत खाली गेल्या.

सोसायटीच्या सत्यनारायणाला तर कहर झाला. आम्हाला निरोप द्यायचा म्हणून माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि वर "दोन शब्द बोला". समोर पहिल्या रांगेत नितीनभाऊ, बायकोला घेऊन. माइक हातात आला की माणसाचं काय होतं कोण जाणे. मी म्हटलं, "नव्या घरात आम्ही टीव्हीसाठी भिंतच ठेवलेली नाही." टाळ्या पडल्या. आमचे हे मागे बुटाची नाडी बांधत बसले होते. पायात चपला होत्या त्यांच्या.

आणि नव्या घरात? गॅस जोडायच्या आधी टीव्ही लागला.

खरं सांगते, मजेत होतो आम्ही. शुभम आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करायचा, मी हेडफोन लावून मालिका बघायची. फक्त नितीनभाऊंची आठवण आली की हेडफोन काढून ठेवायची. त्या माणसाने माझा शब्द खरा मानला होता. त्याच्या नजरेतून उतरायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

मग एका संध्याकाळी, सातला, बेल वाजली. भोकातून बघते तर दारात नितीनभाऊ, त्यांची बायको सुनीता आणि हातात पेढ्यांचा पुडा.

"अहो, चादर!"

आयुष्यात पहिल्यांदा आमचे हे "होईल गं" म्हणाले नाहीत. पलंगावरची चादर ओढून टीव्हीवर टाकली, दोन्ही टोकं मागे खोचली. मी दार उघडलं.

नितीनभाऊ घर बघून खूश. मग नजर भिंतीवर गेली. "ह्या काय?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "आप्पांचा फोटो. वर्षश्राद्धाला उघडायचाय."

पंचावन्न इंची आप्पा! सासरे माझे जेमतेम पाच फूट होते. पण नितीनभाऊ चादरीसमोर हात जोडून उभे राहिले. मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"वैनी," ते म्हणाले, "तुमचं बघून आम्हीपण घरातला टीव्ही काढला. आमची पोरगीपण दहावीलाच ना. केबलवाल्याच्या घरात केबल नाही, लोक हसतात. हसू देत."

मी स्वयंपाकघरात चहा ठेवायला पळाले. स्वयंपाकघर कसलं, हॉलचाच एक कोपरा तो. मागोमाग सुनीता आली. चेहरा उतरलेला.

"वहिनी, तुम्हाला करमतं कसं हो? मला नाही जमत. साडेसात वाजले की जीव कासावीस होतो. त्या मोठ्या सुनेचं मंगळसूत्र चोरीला गेलं, तिथपर्यंत बघितलं होतं मी. बिचारीवर आळ आला असेल ना?"

एवढं कोणी कळवळून विचारलं तर माणूस काय करणार?

"अगं, आळ काय घेऊन बसलीस, घराबाहेर काढलं तिला! आणि मंगळसूत्र कोणी घेतलं माहितीये? धाकटीने. तांदळाच्या डब्यात लपवलंय. काल सासूने नेमका तोच डबा काढला, झाकण उघडलं आणि…"

आणि मी थांबले.

चहा उतू गेला, तो कोणी बघितला नाही. आमचे हे खिडकीबाहेर बघत होते. नितीनभाऊ सावकाश उठले, भिंतीपाशी गेले, चादरीचं एक टोक उचलून आत डोकावले. मग खांदे गदगदायला लागले त्यांचे. मला वाटलं रडतात. हसत होते.

"वैनी," डोळे पुसत म्हणाले, "आप्पांचो रिमोट खंय आसा?"

माफी मागायची होती मला. हात जोडून, मनापासून, आतल्या आत शब्दसुद्धा जुळवले होते. तेवढ्यात सुनीताने माझा दंड धरला. "ते राहू दे. झाकण उघडलं आणि काय?"

आणि मी निर्लज्जासारखी म्हणाले, "डबा रिकामा गं!"