आठ कुदळी

पिंपरीला नव्या कारखान्यासाठी विहीर खणत होते आणि मी तिथं नवा ओव्हरसियर होतो. चार माणसांना आठ दिवस, तर आठ माणसांना चार. व्यस्त त्रैराशिक मला शाळेपासून पाठ. मी दिवसातून दहा वेळा काठावर येऊन खाली डोकावायचो.

खणणाऱ्यांत एक म्हातारा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पहिला घाव घालण्याआधी तो कुदळ धरलेला हात लांब करून स्वतःभोवती एकदा गोल फिरायचा. मला ती प्रदक्षिणा वाटायची.

मी आणखी चार माणसं आत उतरवली, तेव्हा तो वर येऊन बसला.

"काम का थांबवलं?" मी चिडून विचारलं.

"सायेब, आता जो तो कुदळ उचलून आदी मागं बघतोय. मानसं वाढली, काम घटलं."

मी वाकून पाहिलं. दोघं कुदळी उचलून तसेच थांबले होते.

म्हातारा उठला आणि सपाट जमिनीवर तसाच गोल फिरला. "एका मानसाला येवडी जागा लागती. तुमच्या गणितात ती कुटं हाय?"

मी चौघांना वर बोलावलं. कारखान्याच्या साहेबांना चार दिवसांचा शब्द मात्र मी सकाळीच देऊन बसलो होतो.