टॉवर पडला त्या संध्याकाळी

आज धन्याची पूड डब्यात भरताना तो वास आला आणि जुना राग उसळला.

अमेरिकेत विमानं इमारतींवर आदळली, त्या संध्याकाळी मी शहागंजात मसाल्याच्या गिरणीवर होते. मिरचीच्या आधी धने दळून घ्यायचे म्हणून लवकर गेले होते. एक रिक्षावाला ओरडला, "टॉवर गिर गया!" आमच्याकडे टॉवर म्हणजे चौकातला घड्याळाचा. शिंकत, खोकत सगळे बाहेर धावले. टॉवर जागेवरच होता.

"आपला नाय हो, अमेरिकेतला! टीव्हीवर दाखवायलेत," शेजारचा दुकानदार म्हणाला.

सगळे खळखळून हसले. "जीवच घेतला की रं! चला ताई, धने टाका," गिरणीवाले काका म्हणाले.

"काका, माझा धाकटा भाऊ तिथंच नोकरीला आहे."

हसू थांबलं, पण कुणी काही विचारलं नाही. गिरणी पुन्हा घरघरू लागली.

सुधीरचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. तो सुखरूप होता. ते हसू सुटकेचं होतं हे आता कळतं, तरी राग जात नाही. कारण सुट्टीवर आला की सुधीरच हा किस्सा रंगवून सांगतो. आत्ताही बाहेरच्या खोलीत तो म्हणतोय, "आपला नाय हो, अमेरिकेतला!" सगळं घर हसतंय आणि मी डब्याचं झाकण ठोकून बसवतेय.