दादांना न विचारता केलेली सही

माझा देवावर विश्वास आहे, पण चौकशी केल्याशिवाय नाही. जबलपूरच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यामुळे कुणी कृपा झाली म्हटलं, की माझ्या मनात आधी ‘कशी?’ येतं. यांना माझा हा स्वभाव आवडत नाही. हे दर एकादशीला ग्वारीघाटावर नर्मदामाईच्या दर्शनाला जातात आणि मी सोबत म्हणून जाते, खरं सांगायचं तर त्यांची थोडी थट्टा करत.

मागच्या हिवाळ्यातल्या एका एकादशीला सकाळी घाटाच्या पायऱ्या चढताना हे मध्येच बसले. छाती भरून आल्यासारखी वाटते म्हणाले. उपवासाने पित्त झालं असेल असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं, आणि मी पर्समध्ये आवळासुपारी शोधू लागले. शेजारी फुलं विकणारी बाई बघत होती. ती उठून आली, यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “दीदी, ये गैस नहीं है. मेरे आदमी को ऐसा ही ठंडा पसीना आया था.” तिनेच फोन करून अँब्युलन्स बोलावली, टोपली शेजारणीकडे दिली आणि आमच्याबरोबर गाडीत बसली. तू कशाला येतेस, असं विचारायचंही मला सुचलं नाही.

गाडीतच ईसीजी काढला आणि मोबाइलवरून हॉस्पिटलला पाठवला. आम्ही पोहोचलो तेव्हा दारात माणसं उभीच होती. यांना कॅज्युअल्टीत न थांबवता सरळ कॅथलॅबकडे नेलं. हृदयाची बंद पडलेली नळी तिथे उघडतात. डॉक्टरांनी माझ्यापुढे कागद धरला. “आप साइन कीजिए, बाकी सब बाद में.”

माझा हात थांबला. आमच्याकडे कुठलाही मोठा निर्णय नागपूरच्या दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, विचारल्याशिवाय होत नाही. फ्रिज घेतानाही त्यांनाच विचारलं होतं. मी फोन लावला. वाजत राहिला. ‘थोरल्या दिरांना विचारायला हवं’ असं पुटपुटत पुन्हा लावला. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी फार घाबरले होते, आणि काही बरंवाईट झालं तर बोल मलाच लागेल, हेही त्या घटकेला मनात आलं, हे कबूल करते. तेव्हा फुलवाली हळूच म्हणाली, “दीदी, हम भी जेठजी का रास्ता देखते रहे. वो आए, तब तक...” मी डोळे मिटले, ‘माई, आता तूच बघ’ म्हटलं आणि सही केली.

हे वाचले. चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं आणि माझा ‘कसं?’ विचारला. त्यांनाही सांगायची हौस होती. ईसीजी बघणाऱ्याने एकच फोन करायचा, की सगळी टीम निघते, वर कुणाची परवानगी लागत नाही. इतकंच नाही, दर आठवड्याला ही मंडळी रिकामं स्ट्रेचर घेऊन दारापासून कॅथलॅबपर्यंत धावतात आणि कुठे अडतं ते बघतात. एकदा लिफ्टपाशी खोळंबले, तेव्हापासून लिफ्ट आधीच अडवून ठेवतात. “सब जगह से मिनट निकाल लिए,” डॉक्टर म्हणाले, “बस घरवालों के फोन में से नहीं निकाल पाए.” मी ओशाळले, पण मला नवलही वाटलं. कृपेचाही सराव करावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मात्र फुलवाली नेमकी त्याच पायरीवर का बसली होती, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही, मलाही येत नाही. पुढे तिचे आभार मानायला गेले, तर तीच मला रागावली, “इतने दिन खबर काहे नहीं दी?”

दादा त्या एकादशीलाच संध्याकाळी येऊन पोहोचले होते. सकाळी ते पूजेला बसले होते आणि फोन बाहेरच्या खोलीत होता. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “मला न विचारता सही काहून केली?” नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. हे घरी आल्यावर दादा परत निघाले. दारात चपला घालताना थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी फोन उचलला असता ना, तर म्हटलं असतं, थांबा, मी निघून राहिलो.”

त्यांचे डोळे भरले होते. मी वाकून नमस्कार केला. आजही मी सगळ्या गोष्टींची चौकशी करते, पण माईपुढे हात जोडले की आधी दादांच्या त्या लांबलेल्या पूजेसाठी तिचे आभार मानते.