ताई उठली नाही

आमची ताई आजवर किती वेळा मेली, हे मोजणं आम्ही कधीच सोडून दिलं. मालिका घसरायला लागली की म्हातारी आई मारतात आणि म्हातारी आई म्हटली की ताईला फोन येतो. आई, आत्या, सासू, स्वयंपाकीण, दाई. सगळं आयुष्य नायिकेच्या मागे उभं राहण्यात गेलं. शिक्षकी पेशातल्या आमच्या घराने सुरुवातीला भरपूर नाकं मुरडली. मी बँकेत चिकटलेली सरळमार्गी बाई. मी म्हणायचे, "अगं, नायिका नाही तर नाही, निदान जिवंत तरी राहा!" त्यावर ती हसायची. "मरणं सोपं असतं गं. मेलेलं राहणं अवघड."

मला ते थट्टेतलंच वाटायचं. गेल्या उन्हाळ्यात ती पाथर्डीजवळच्या एका गावात शूटिंगला आली, तेव्हा मी नगरहून तिच्या आवडीची शेंगोळी घेऊन भेटायला गेले.

प्रसंग नेहमीचाच होता. ओसरीवर ताईचं प्रेत आणि भोवती रडणाऱ्या बायका. बायका गावातल्याच, हौसेने आलेल्या. तालमीत त्या पदराआड खुदुखुदु हसत होत्या. दिग्दर्शक पोरसवदा, घामाघूम आणि वैतागलेला. ताई मात्र गोधडीखाली पोटातल्या पोटात श्वास घेत निपचित पडली होती. तिच्या पापणीवरून माशी चालत गेली, पण पापणी हलली नाही. नुसतं बघूनच माझ्या अंगाला खाज सुटली.

कॅमेरा सुरू झाला. पुढे बसलेल्या एका बाईने ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला.

"आये, मी आले गं! मुकादम सोडीना गं मला! तुजं तोंडबी न्हाई दिसलं!"

बाकीच्यांचं हसू जागीच विरलं. ही मनचे संवाद घालतेय असं वाटून दिग्दर्शक "कट" म्हणाला. कॅमेरा थांबला, पण बाई थांबली नाही. माझ्या शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "तिची आय औंदा थंडीत गेली. ही ऊसतोडीला गेल्ती, लई लांब. आली तवर राखबी सावडून झाल्ती."

कट झाला की ताई आधी उठून पाणी मागते. मी बाटली घेऊन तयारच होते. ताई उठली नाही.

बाई तिच्या खांद्याशी डोकं टेकवून बोलत राहिली. फडात निरोप उशिरा आला, भाऊ वाट न बघता माती उरकून मोकळा झाला, शेळी विकली, धाकटीला दात आले. मध्येच भांडली, "जरा थांबली का न्हाईस?" दिग्दर्शकाने सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि स्वतःही खाली बसला. ऊन सरकत ताईच्या तोंडावर आलं. माझा जीव टांगणीला लागला. ताई खोकली असती, तिला हुंदका आला असता, तर या बाईची आई पुन्हा तिच्या हातून गेली असती. एवढा वेळ ताईने श्वास कुठून आणला, मला अजून कळलेलं नाही.

शेवटी बाईने पाणी मागितलं. मी बाटली पुढे केली. तिने ओंजळीतून थोडं पाणी ताईच्या ओठांवर सोडलं, आईला शेवटचं पाजतात तसं. ताईच्या घशाला कोरड पडली असणार, हे मला ठाऊक होतं. तिने गिळलं नाही. पाणी ओठांच्या कडेने गालावर ओघळलं. माझे हात आपोआप जोडले गेले. सख्ख्या बहिणीला मी जन्मात पहिल्यांदा हात जोडले.

बाईने पदराने तो गाल टिपला, पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "जाय आता, आये."

मग नाक पुसून ती अगदी वेगळ्या आवाजात बोलली, "उठा बाई. लई ताटकळवलं तुमाला."

ताईने डोळे उघडले. उठून बसली आणि तिचा हात हातात घेऊन विचारलं, "काही बोलायचं राहिलं नाही ना?"

"न्हाई," बाई म्हणाली. "आता न्हाई."